८ वर्षांची लेक, ६७ वर्षांच्या सासूबाई आणि मनालीचा कोणता महिना?

प्रश्न त्रिमूर्तीनगरच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: घरात पाच माणसं. नवरा-बायको चाळिशीतले, मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ८ वर्षांची आणि सासूबाई ६७ च्या. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, बाकी तब्येत ठणठणीत. मुलाने स्कीइंगचे व्हिडिओ बघून आईचं डोकं खाल्लंय. ऑफिसातला एकजण म्हणतो नाताळात जा. दुसरा म्हणतो मे महिन्यात जा, पोरांना सुट्ट्या असतात आणि वर रोहतांग खिंडीत बर्फ मिळतोच. तिसऱ्याचं म्हणणं, बर्फ सोडला तर मनालीत आहे काय, मॉल रोड आणि मॅगी! मग जायचं कधी, आणि बर्फ नसताना तिथे हॉटेलबाहेर पडून करण्यासारखं काही असतं का?

ताई, मी १९ वर्षं नागपुरातून मुलांच्या आणि कुटुंबांच्या बॅचेस हिमालयात नेतोय. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत आधी बेसिक कोर्स केला, नंतर स्कीइंगचा. स्कीइंगमध्ये मी काही मोठे तीर मारलेले नाहीत, उतारावरून शिस्तीत खाली येतो इतकंच. पण नागपूरची माणसं त्या थंडीत, त्या उंचीवर आणि त्या गर्दीत कशी वागतात हे भरपूर पाहिलंय, आणि तुमच्या प्रश्नाला तेच जास्त कामाचं आहे.

तुमच्या घरात दोन वेगळ्या इच्छा एकाच शब्दाआड लपल्या आहेत. सासूबाईंना, आणि बहुधा तुम्हालाही, बर्फ बघायचा आहे. मुलाला बर्फावर उतरायचं आहे. बघायला एक सकाळ पुरते. शिकायला सलग चार-पाच दिवस लागतात, उतारावर जाड थर लागतो आणि रोज तिथवर जाणारा रस्ता चालू लागतो. हे आधी ठरवलं नाही की काय होतं ते मी दर डिसेंबरात सोलांगच्या, म्हणजे मनालीजवळच्या स्कीइंगच्या उतारांच्या, रस्त्यावर बघतो. नंबर टाकलेल्या टपऱ्यांमधून घेतलेला भाड्याचा लाल ओव्हरकोट, भाड्याचे गमबूट, कुणीतरी मागून धरून पंधरा मिनिटं स्कीवर उभं केलेलं, फोटो, आणि मग गाडीत तीन तास. घरी येऊन पोरगा सांगतो, मी स्कीइंग केलं. त्याने केलेलं नसतं. त्याला उभं केलेलं असतं.

आता नागपूरकरांचा खास हिशेब. पुण्या-मुंबईचे लोक चार दिवसांत मनाली उरकून येतात असं तुम्ही ऐकलं असेल. उरकायचंच असेल तर आपणही उरकू. पण आगगाडीने जाणार असाल तर संध्याकाळी नागपूर सोडायचं, दुसऱ्या दिवशी दिल्ली, त्याच संध्याकाळी व्होल्वो, तिसऱ्या दिवशी सकाळी मनाली. येतानाही तेच. म्हणजे नऊ दिवस टाकले तर डोंगरात पाच दिवस हाती लागतात. विमानाने दिल्लीपर्यंत वेळ वाचतो. पुढे कुल्लूजवळ भुंतरला विमानतळ आहे, पण तिथे लहान विमानं उतरतात आणि हवा बिघडली की रद्द होतात, त्यामुळे परतीचं आरक्षण त्या भरवशावर करू नका. मला विचाराल तर नऊपेक्षा कमी दिवस असतील तर स्कीइंगचा विषय काढूच नका. त्यापेक्षा चिखलदऱ्याला जाऊन या, पोरं दमतील आणि तुम्ही नाही दमणार.

नाताळाबद्दल माझं मत वाईट आहे आणि त्याला कारण आहे. माझ्या तिसऱ्याच वर्षी मी २२ मुलांची बॅच २६ डिसेंबरला सोलांगला नेली. सकाळी निरभ्र आकाश, उतारावर बर्फ जेमतेम वीतभर, मधूनमधून गवताची टोकं वर आलेली. दुपारी दोनला बर्फ पडायला लागला. पोरं आनंदाने वेडी झाली, मीही झालो. सोलांग ते मनाली १३-१४ किलोमीटर. त्या दिवशी आम्हाला साडेसहा तास लागले. पुढच्या गाड्या घसरून आडव्या झालेल्या, मागे हजारभर गाड्या, आणि आमच्या तीन गाड्यांमध्ये मिळून पाण्याच्या दोन बाटल्या. एका पोरीने शेवटी दप्तरातून आईने दिलेल्या संत्रा बर्फीचा डबा काढला आणि २२ तुकडे केले. तेव्हापासून डिसेंबरात मी शिकायला म्हणून बॅच नेत नाही.

गर्दी हे एक कारण झालं. दुसरं असं की डिसेंबरात बर्फाची खात्री नसते. हिमालयातला हिवाळी बर्फ आपल्या मोसमी पावसासारखा ठरल्या वेळी येत नाही. तो येतो पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडून येणाऱ्या झंझावातांबरोबर. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे ऐन गव्हाच्या तोंडावर गारपीट होते ना, तिच्यामागेही पुष्कळदा हेच पश्चिमी झंझावात असतात. बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्याशी त्यांची गाठ पडली की विदर्भात गारा. तर हे झंझावात कधी डिसेंबरात येतात, कधी जानेवारी अर्धा संपला तरी फिरकत नाहीत. २०२४ च्या जानेवारीत काश्मीरमधलं गुलमर्गसारखं ठिकाण महिन्याच्या मध्यापर्यंत तपकिरी होतं, लोक गवतावर उभे राहून फोटो काढत होते. तेव्हा तारखेची हमी देणारा कुणीही असो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी फक्त इतकंच म्हणेन की जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीअखेर या काळात थर साचलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

म्हणून माझं उत्तर: शिकायचं असेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी असते, महाशिवरात्रही काही वर्षी आसपास येते, दोन शनिवार-रविवार जोडले तर मुलांची शाळा चार-पाच दिवस बुडते. सातवी-आठवीच्या मुलाची पाच दिवस शाळा बुडाल्याने आभाळ कोसळत नाही, हे मी स्वतः मास्तराचा मुलगा असून सांगतोय. दिवस मोठा झालेला असतो, डिसेंबरची गर्दी ओसरलेली असते, रात्री पारा शून्याखाली जातो पण दिवसा उन्हात बसता येतं. मार्चमध्येही बर्फ असतो, पण सकाळी कडक काचेसारखा आणि अकरानंतर ओल्या साबुदाण्यासारखा. नवशिक्याला दोन्ही वाईट.

शिकणं प्रत्यक्षात कसं असतं ते सांगतो, म्हणजे मुलाची तयारी होईल. तिथे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. पहिला अर्धा तास फक्त बुटांत जातो. स्कीचा बूट प्लास्टिकचा, पायाला शिकंज्यासारखा बसणारा, पुढे झुकलेला. पाय घालताना जीभ बाहेर ओढायची, टाच मागे आपटायची, मग कड्या खालून वर लावायच्या. मोजा एकच, पातळ, लोकरीचा, गुडघ्यापर्यंत. आपली माणसं थंडी वाजेल म्हणून तीन मोजे घालतात. मग रक्त पुढे जात नाही आणि पाय आणखी गार पडतो. सरळ उभं राहिलं की पोटऱ्या दुखतात, गुडघे वाकवून पुढे झुकलं की बरं वाटतं. बूट तसा बनवलेलाच असतो. उस्ताद पुन्हा पुन्हा हेच ओरडतो: आगे, आगे! नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे. घाबरलं की माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की स्की ताब्यातून सुटते.

मग पडायला शिकवतात. बाजूला पडायचं, मागे नाही, हात खाली टेकायचा नाही. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला आणायच्या. हे जमेपर्यंत मोठ्यांचा घाम निघतो. माझ्या एका बॅचमधले बँकेतले मॅनेजर पहिल्या दिवशी एकाच जागी चाळीस मिनिटं उठत-पडत होते आणि त्यांची नऊ वर्षांची पोरगी वरून ओरडत होती, "बाबा, आडवं करा ना, काय करून राहिले!" मुलांचं वजन कमी, जमीन जवळ, भीती कमी. आणि नागपुरात जी मुलं संध्याकाळी स्केटिंगच्या क्लासला जातात ती पहिल्या दोन दिवसांत इतरांना मागे टाकतात, हे मी दर वर्षी बघतो. तुमची मुलं जात असतील तर अर्धं काम झालंय.

पुढची गोष्ट थांबण्याची. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, असा त्रिकोण करायचा; मुलांना शिकवताना त्याला पिझ्झा म्हणतात. त्रिकोण रुंद केला की वेग कमी. पहिले दोन दिवस एवढंच. सोलांगला रोपवे आहे, पण नवशिक्यांच्या उतारावर खाली घसरत आलात की वर जायचं ते पायांनीच, स्की आडव्या धरून खेकड्यासारखं एकेक पाऊल. मिनिटभर घसरण्यासाठी दहा मिनिटं चढायचं. व्हिडिओत हा भाग नसतो. तिसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी मूल त्रिकोण करून स्वतःच्या मर्जीने थांबतं, मागे वळून उताराकडे बघतं आणि काहीच बोलत नाही. बस, पाच दिवसांत इतकं झालं तरी पैसे वसूल.

उस्ताद निवडताना भाव नंतर, बूट आधी बघा. मापाचे बूट आहेत का, हेल्मेट देतात का, आणि बांधणीत, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, बूट अडकवून जोरात पिळला तर सुटतो का? ही शेवटची तपासणी समोर करून मागायची. पडल्यावर स्की पायातून सुटली नाही तर गुडघा पिळतो, आणि स्कीइंगमधल्या वाईट दुखापती पुष्कळदा तिथल्याच असतात. नवशिक्याची स्की हनुवटी ते नाकाएवढी पुरते, लांब दिली तर परत करा. प्रवासाचा विमा काढणार असाल तर त्यात स्कीइंग वगळलेलं आहे का तेही एकदा वाचा. मुलाला मोठेपणी खरंच आवड लागली तर मनालीच्या संस्थेचा चौदा दिवसांचा निवासी कोर्स आहे, तो शिस्तीचा आणि कसून शिकवणारा. ही संस्था १९६१ पासून आहे. कुटुंबाच्या सहलीत तो बसत नाही.

आता तिसऱ्या सहकाऱ्याचा मुद्दा, की बर्फ सोडला तर मनालीत काय. ज्या उस्तादाकडे मी गेली बारा वर्षं मुलं सोपवतो, त्याचं वर्ष सांगितलं तर उत्तर मिळेल. सोलांगच्या वरच्या अंगाला त्याचं घर. जानेवारी ते मार्च तो उतारावर. एप्रिलमध्ये सफरचंदाला फुलं येतात, तेव्हा तो दुसरं काही काम घेत नाही. बर्फ कमी पडलेल्या वर्षी त्याला स्कीइंगचं नुकसान होतंच, पण जास्त काळजी बागेची. सफरचंदाला हिवाळ्यातले थंड तास मिळाले नाहीत तर फूल नीट धरत नाही. तिकडे बर्फाला सफेद खाद म्हणतात. मे-जूनमध्ये तो पर्यटकांना घेऊन पॅराग्लायडिंग करतो. जूनच्या मध्यापासून ट्रेकचा गाइड. मध्ये पावसाचे दोन महिने बंद. सप्टेंबरात सफरचंदाच्या पेट्या, ऑक्टोबरात पुन्हा ट्रेक, नोव्हेंबरात लाकूड आणि गुरांसाठी सुकं गवत भरून ठेवणं. एकच उतार, एकच माणूस, आणि सहा व्यवसाय. तो मनालीला स्कीइंगचं गाव म्हणत नाही, गाव म्हणतो.

तर मे महिना. आपल्याकडे पारा ४५ वर गेलेला असतो आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राहून उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात, त्यामुळे आपल्याला जूनही मिळतो. याचा फायदा घ्या: १५ मे ते १० जून ही झुंबड टाळून त्यानंतरचे दिवस धरा. पण मोसमी पाऊस जूनच्या शेवटी तिकडे पोचतो, तेवढी चौकट लक्षात ठेवा. या दिवसांत वशिष्ठ गावातून जोगिनी धबधब्यापर्यंत पायवाट आहे, सफरचंदाच्या बागांमधून आणि देवदारातून जाते, तुमची ८ वर्षांची मुलगी सहज करेल. सोलांगच्या पुढे धुंदीपर्यंत गाडी जाते, तिथून बकरथाचच्या कुरणापर्यंत दिवसभराची चाल. १३ वर्षांच्या मुलाला तंबूत दोन रात्री राहून ब्यासकुंड करता येईल. कुल्लूजवळ पिर्डीहून ब्यास नदीत राफ्टिंग चालतं. मुलाला हरकत नाही, मुलीला मी बसवणार नाही. वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, दिवस चढतो तसं वाढतं, आणि इतकं गार की पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या क्षणी अडकतो.

मे महिन्यातला रोहतांगचा बर्फ हा मात्र वेगळा प्रकार. रोहतांग ३९७८ मीटरवर आहे. रस्ता साधारण मे महिन्यात उघडतो, रोज ठरावीक गाड्यांनाच ऑनलाइन परवाना मिळतो. बर्फ असतो तो रस्त्याकडेला उरलेला, पावलांनी काळवंडलेला. बघायला ठीक. पण मी एक चूक केली होती ती तुम्ही करू नका. दुसऱ्याच बॅचमध्ये, सकाळी बसमधून उतरलेल्या लोकांना मी दुसऱ्या दिवशी पहाटे थेट रोहतांगला नेलं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. मनाली २०५०. रोहतांगच्या विरळ हवेत एका श्वासात नागपूरच्या दोन तृतीयांशाहूनही कमी प्राणवायू मिळतो. नऊजणांचं डोकं ठणकायला लागलं, दोघांना उलट्या, आणि एका काकूंना मी आधार देऊन गाडीपर्यंत आणलं. खाली उतरल्यावर तासाभरात सगळे बरे. त्यानंतर नियम केला: पहिले दोन दिवस मनालीत, वर जायचं ते तिसऱ्या दिवशी, आणि डोकं दुखायला लागलं की गोळी खाऊन वर नाही, सरळ खाली. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून नऊ किलोमीटरचा बोगदा पार केला की पलीकडच्या लाहौल खोऱ्यातलं सिस्सू गाव येतं, साधारण ३१०० मीटरवर. बर्फ नुसता बघायचा असेल तर सासूबाईंसाठी रोहतांगपेक्षा हे बरं, आणि बहुतेक हिवाळ्यात, रस्ता उघडा असला तर, तिथे मनालीपेक्षा जास्त बर्फ असतो.

पावसाळ्याबद्दल एकच वाक्य पुरे होतं, जाऊ नका. पण कुणीतरी तुम्हाला स्वस्त पॅकेज देईल म्हणून कारण सांगतो. हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर पॅराग्लायडिंग आणि राफ्टिंगला सरकारी बंदी असते. लाहौल पर्जन्यछायेत आहे, तिथे पाऊस फार नाही, हे खरं. पण तिथे पोचायचा रस्ता मंडी, पंडोह, कुल्लूमधून जातो, आणि दरडी कोसळतात त्या तिथेच. जुलै २०२३ मध्ये ब्यासने या रस्त्याचे तुकडे केले, हजारो पर्यटक अडकले. ज्यांचं पोटपाणी तिथे आहे ते थांबतात, आपण पाहुणे आहोत.

माझा स्वतःचा आवडता काळ सप्टेंबरची अखेर आणि ऑक्टोबर. पाऊस धुऊन गेलेला, हवा इतकी स्वच्छ की समोरच्या कड्यावरची एकेक घळ मोजावी. सफरचंद उतरवणं चालू असतं, देवदाराखाली कोरडी जमीन, सकाळी दहा ते चार ऊन. चालायला यासारखे दिवस नाहीत. शिवाय एक गंमत आपल्या नागपूरकरांसाठी: आपला दसरा, दीक्षाभूमीवरची गर्दी, सोनं वाटणं, हे सगळं उरकलं की कुल्लूचा दसरा सुरू होतो. विजयादशमीला सुरू होऊन सात दिवस चालतो, खोऱ्यातल्या गावोगावचे देव पालख्यांतून कुल्लूतल्या ढालपूरच्या मैदानात उतरतात. देव चालत येतात, माणसं मागे. तुमच्या सासूबाईंना मॉल रोडपेक्षा हे शंभरपट आवडेल, फक्त बसायची जागा सकाळीच धरा. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर दसरा हुकतो पण हवा तीच. रात्री मात्र शून्याजवळ जातात. नोव्हेंबरात पानं गळून जातात आणि बर्फ आलेला नसतो, गाव रिकामं, स्वस्त आणि थोडं उदास. मला तेही आवडतं, पण पोरांना कंटाळा येईल.

सासूबाईंचं वेगळं सांगायला हवं, कारण अशा सहलींत आजीला गाडीत बसवून बाकीचे उतरतात आणि संध्याकाळी विचारतात, "आई, बोअर नाही ना झालं?" फेब्रुवारीत गेलात तर मुलं आणि तुमच्यापैकी एकजण सोलांगला, दुसरा आईंबरोबर. ढुंगरीच्या देवदारात हिडिंबेचं मंदिर आहे, १५५३ मधलं, सपाट वाट, मधे बसायला जागा. वशिष्ठला गरम पाण्याचे झरे आहेत, बायकांसाठी वेगळं कुंड. गुडघ्यांना आराम पडतो, पण ओल्या पायऱ्यांवर हात धरा. एक पूर्ण दिवस नग्गरला. मनालीपेक्षा खाली, ऊन जास्त. तिथला जुना वाडा दगड आणि लाकडाच्या थरांनी बांधलाय, काठकुणी म्हणतात त्या पद्धतीने, १९०५ चा कांगड्याचा भूकंप पचवून उभा आहे. जवळच निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराचं घर आणि चित्रं. त्या अंगणात उन्हात खुर्ची टाकून समोरची हिमशिखरं बघत आजी तीन तास बसू शकते, माझी आई बसली होती. बर्फ पडलेल्या दिवशी मात्र आईंना बाहेर काढू नका. तसंही अशा दिवशी पोलिस साध्या टॅक्सी नेहरू कुंडाजवळ अडवतात, पुढे फक्त फोर बाय फोर.

गुलमर्ग की उत्तराखंडातली औली, हेही लोक विचारतात. गुलमर्ग स्कीइंगसाठी मनालीपेक्षा उजवं आहे यात वाद नाही. तिथला रोपवे, गंडोला म्हणतात तो, अफरवाटच्या डोंगरावर जवळपास ४००० मीटरपर्यंत नेतो, आणि खाली नवशिक्यांसाठी छान सपाट उतार आहेत. पण नागपूरहून लांब, खर्च जास्त, आणि वरचा टप्पा नवशिक्याचा नाही. औलीचे उतार सुंदर, पण २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा खालून जाणारा रोपवे बंद झाला. घाटातल्या लांबच्या रस्त्याला सासूबाई कंटाळतील. पाच माणसांच्या तीन पिढ्यांना मनाली सोयीची पडते, कारण स्कीइंग न करणाऱ्याला तिथे दिवसभर काहीतरी असतं.

तयारी इथेच, सहा आठवडे आधी. रामटेकच्या पायऱ्या रविवारी दोनदा चढा-उतरा. उतरणं महत्त्वाचं, मांड्या तिथेच तयार होतात. रोज भिंतीला पाठ लावून अदृश्य खुर्चीवर बसायचं, तीस सेकंदांपासून सुरुवात. सेमिनरी हिल्सला सकाळी चालायला जात असाल तर त्यातच वीस बैठका घाला. कपड्यांसाठी मोठा खर्च नको. हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात त्यांच्याकडून लोकरीचे आतले कपडे घ्या; जीन्स आणि सुती बनियन घरी ठेवा, सुती कापड घामाने ओलं झालं की वाळत नाही आणि अंग गारठतं. हातमोजे पाणी न शिरणारे हवेत, यात कंजुषी नको. आणि ऊन! आपल्याला वाटतं नागपूरच्या माणसाला उन्हाचं काय. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही लागतं. पहिल्या वर्षी माझ्या नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखाली कातडं सोललं होतं. क्रीम तिथेही लावा, आणि काळा चष्मा मुलांच्या डोळ्यांवरून काढू देऊ नका.

तर तुमच्यापुरतं: या वर्षी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, नऊ दिवस, त्यातले सलग चार दिवस मुलांचं स्कीइंग आणि पाचवा मोकळा, हवा बिघडली तर वापरायला. बर्फ नसेल असं दहा दिवस आधी कळलं तर तिकिटं रद्द करण्याएवढे पैसे बाजूला ठेवा. पुढच्या वर्षी, जमलं तर, दसऱ्यानंतर पुन्हा तिथेच. मे महिन्यात उन्हातून पळायचंच असेल तर जा, मी अडवत नाही, पण मुलाला स्कीइंगचं वचन देऊन नेऊ नका.

निघायच्या आदल्या आठवड्यात एक काम करा. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय थोडे सुजलेले असताना, मुलांना कागदावर उभं करून पेन्सिलीने पाय आखून घ्या आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहा, दोन्ही पायांची. स्कीच्या बुटांचा नंबर हाच असतो, आपल्या चपलेचा सहा-सात तिथे चालत नाही. तो कागद उस्तादाला आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मृग बहाराची संत्री तेव्हा बाजारात आलेली असतात, डझनभर घेऊन जा. दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर, बोटं बधिर झालेली असताना सोलायला त्रास होतो, पण उस्तादाच्या पोरांना ती फार आवडतात.